पट्टीवरची हळद

काकी, आधी माफी मागतो. तुझ्याबद्दल लिहिण्याचा हक्क ज्याला सगळ्यात कमी आहे, तो लिहायला बसलाय. आपल्या घरात अर्ज आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटांवरची नावं यापलीकडे आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. लेख कसा लिहितात हेही मला नीट माहीत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिवतोस कशाला? हात मोकळे असतील तर हा पंखा खोल." पण कॉलेजच्या अंकासाठी मराठीच्या बाईंनी माझ्याकडे 'मी तयार केलेले वाद्य' या विषयावर लेख मागितला आहे. तो मी देऊ शकत नाही. त्याच्या जागी हा देणार आहे. छापायचा की नाही ते बाईंनी ठरवावं.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. सुतक फिटलं, तेरावं झालं. तुझा फोन तू गेलीस त्या दिवसापासून पूर्वाकडे आहे. मी घरात शिरलो की तुझी पोर उठते आणि मागच्या दारानं बाहेर जाते. चौथीतली मुलगी. तिला समजवायचं तरी कोणत्या तोंडानं?

तुझं ते वाजवायचं यंत्र माझ्या कॉटखाली आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. अजून उघडलं नाही. उघडून काही उपयोग नाही हे तुला माहीत होतं आणि आता मलाही माहीत आहे.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगतो. तुला कंटाळा आला तरी ऐकून घे.

लग्नाआधी तू पेणबाहेरच्या एका लहान कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतीस. तिथं बायका ओळीनं बसून बोर्डांवर सोल्डरिंग करायच्या. आठ तास मान खाली. पुढे ती कंपनी बंद पडली, तुझं लग्न झालं, पूर्वा झाली आणि मी नववीत असताना काका हायवेवर मोटरसायकलसकट ट्रकखाली गेला. वर्षाच्या आत तू रामवाडीला हायवेच्या कडेला पत्र्याची टपरी घेतलीस. मिक्सर, चार्जर, पंखे आणि बेंजो पार्ट्यांचे बिघडलेले कीबोर्ड. गावातल्या बाया म्हणाल्या, मिठागरावर जायचं सोडून ही बाप्यांच्या मशिनी उघडत बसलीय. तू म्हणालीस, "मशिनीला काय बाप्या, काय बाई. उघडली की सगळ्यांच्या आत जाळीच निघते."

मी शाळा सुटली की तिथं यायचो. मला शिकवीन असं तू कधी म्हणाली नाहीस आणि शिकवलंस तेही प्रेमानं नव्हे. मी चुकीच्या जागी तार लावायला लागलो की तू बघत राहायचीस. थांबवायची नाहीस. आतून धूर निघाला की म्हणायचीस, "आता इसरशील?" पुढे रोह्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आणि सरांनी फळ्यावर रेझिस्टर काढला, तेव्हा वर्गात मला त्या धुराचा वास आला. बाकीची मुलं पाठ करत होती. मला पाठ करायची गरज पडली नाही. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही.

आपल्याकडे हळदीला बेंजो पार्टी लागते. ढोल, ताशा, ऑक्टोपॅड आणि पुढं कीबोर्ड. पण बाजारातल्या कीबोर्डवरची सनई तुला आवडायची नाही. "जिना चढल्यावानी वाजते," तू म्हणायचीस. "एक पायरी, दुसरी पायरी. सनई मासळीसारखी पायजे. धरली म्हणंपर्यंत सुटली पायजे." म्हणून तू स्वतःचं यंत्र बनवायला घेतलंस. दोन पावसाळे गेले त्यात, कारण पावसाळ्यात लग्नं नसतात आणि पार्ट्यांचे कीबोर्ड दुरुस्तीला येत नाहीत. आवाज तयार करणारे बोर्ड तू हातानं जुळवलेस. पट्ट्यांच्या जागी तू एकच लांब पट्टी बसवलीस, जुन्या व्हिडिओ कॅसेटची टेप ताणून, खाली ॲल्युमिनियमची पाती ठेवून. टेप बोटानं दाबायची आणि बोट सरकवायचं. बोट सरकेल तसा सूर सरकतो, मध्ये पायरी नाही.

उन्हात सूर चढायचा. भर दुपारच्या मांडवात यंत्र तापलं की सनई अर्ध्या सुरानं वर जायची. त्यासाठी तू एक वेगळं बटण लावलंस आणि त्यावर नेलपॉलिशनं सूर्य काढलास. मी विचारलं होतं, "सावलीचं बटण कुठाय?" तू म्हणालीस, "सावलीत बसणाऱ्याला बटण कशाला लागतंय?"

खोकं पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात झालं. तुझा मावसभाऊ तिथं कामाला होता. ज्या साच्यातून मूर्तीखालचा पाट काढतात त्याच साच्यात त्यानं तुला फायबरचं खोकं काढून दिलं. चारी बाजूंनी कमळाच्या पाकळ्या. त्यामुळं यंत्राला सगळे 'पाट'च म्हणायला लागले. विधवेनं दुसरं लग्न केलं की आपल्याकडे पाट लावला म्हणतात, म्हणून भावकीतल्या बायांना टोमणा आयताच मिळाला. टपरीवर येऊन एकजण म्हणाली, "काय गो रंजे, पाट लावलास म्हणं?"

"व्हय गो," तू सोल्डरिंगवरून मान न काढता म्हणालीस. "आणि ह्यो, बटण दाबलं की गप बसतो. तुझ्या घरात हाय का तसला?"

मी हसून हसून स्टुलावरून पडलो होतो. तू हसली नव्हतीस.

वाजवायचं मी, हे आपोआप ठरलं. आमच्या गावच्या बेंजो पार्टीचे मास्तर टपरीवर आले, ऐकलं आणि म्हणाले, "पोराला दे माझ्यासंगं." तू चांगली वाजवतेस की मी, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. खरं सांगायचं तर मी कधीही तुझ्यासारखा वाजवू शकलो नाही. टपरीत, अर्धा पत्रा खाली ओढून, त्या वीतभर स्पीकरवर तू नवरीच्या आईचं गाणं वाजवायचीस. शेवटच्या सुराला तुझं बोट पट्टीवर थरथरत थांबायचं. मी ते वर्षभर पाहिलं आणि तरी माझं बोट तसं थांबत नाही.

पण हळदीच्या मांडवात तू कशी येणार? नवऱ्यामुलाला हळद लावायला सवाष्णी लागतात, आणि काका गेल्यापासून आपल्या स्वतःच्या घरातल्या हळदीलासुद्धा तू चुलीपाशी बसायचीस. कुणी तुला हाकलत नव्हतं. तू आधीच जाऊन बसायचीस. यंत्र मात्र मांडवाच्या मधोमध. हळद खेळणारी माणसं काही बघत नाहीत. माझ्या तोंडावर, हातावर, यंत्रावर, सगळीकडे हळद. तेल आणि हळदीचा लगदा पट्टीखाली जाऊन बसला की सूर खरखरायचा. दुसऱ्या दिवशी यंत्र टपरीवर यायचं. तू टेप सोडवायचीस आणि स्पिरिट लावलेल्या कापसानं तासभर पुसत बसायचीस. ती हळद तुझ्या नखांत जायची. निघायची नाही.

एकदा आजीनं तुझे हात बघितले. "कपाळ पांढरं आणि नखं पिवळी. लोक काय म्हणतील? धू जा आधी."

"धुतलेत," तू म्हणालीस.

"मंग परत धू."

तू परत धुतलेस. मी तिथंच जेवत होतो. मी मान वर केली नाही.

तुझी एकच मागणी होती. यंत्र मोठ्या स्पीकर बॉक्सवर, भरल्या मांडवात कसं वाजतं हे तू कधी ऐकलं नव्हतंस. "एक डाव रेकॉर्ड करून आण रे निल्या. लांबून कर. जवळून समदंच चांगलं वाटतं." यंत्राजवळ फोन चालू ठेवायचा नाही हा तुझाच नियम होता, कारण फोनची टरटर पट्टी पकडते आणि बॉक्समधून बाहेर येते. म्हणून मी फोन विमानाच्या चिन्हावर टाकून पिशवीत ठेवायचो. तशा अवस्थेतही व्हिडिओ निघतो हे मला माहीत होतं. कुणाच्या तरी हातात फोन द्यायचा, एवढंच होतं. दरवेळी विसरलो. दोन सीझन मी विसरत होतो, काकी.

मग एक दुसराच व्हिडिओ आला, जो मी काढला नव्हता.

एका हळदीत रील बनवणारा एक मुलगा यंत्राभोवती फिरत होता. त्यानं माझ्या तोंडासमोर फोन धरला. "भाऊ, हे काय आहे? कुठून मागवलं?" मी म्हणालो, "मागवलं नाय. बनवलंय." तो म्हणाला, "कोणी?" आणि मी म्हणालो, "मी."

मास्तरांनी मला आधीच बजावलं होतं की हळदीत विधवा बाईच्या हातचं वाद्य आहे हे बोलायचं नाही, लोक नारळ द्यायचे थांबतील. हळदीचं काम ठरलं की यजमान पार्टीला नारळ देतात, तो नारळ. ही सबब मी तुला सांगू शकलो असतो. पण खरं कारण ते नव्हतं. तो 'मी' तोंडातून निघाला तेव्हा मला गोड लागला. आमच्या सात पिढ्यांत मिठागराच्या बाहेर कुणी काही बनवलं नव्हतं.

व्हिडिओ पेणपासून रोह्यापर्यंत फिरला. कॉलेजनं मला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, सर म्हणाले ग्रामीण भागातली प्रतिभा. मी शाल घरी आणली आणि आईनं ती ट्रंकेत ठेवली. आईला माहीत होतं. पुढच्या हळदीनंतर यंत्र साफ करायला तुझ्याकडे आलं, तेव्हा तू त्या व्हिडिओचा विषय काढला नाहीस. मला वाटलं, तू बघितलंच नाहीस. तीन दिवस यंत्र तुझ्याकडे राहिलं. एवढा वेळ कधी लागत नसे. परत आलं तेव्हा पूर्वीसारखंच वाजत होतं.

त्यानंतर नागोठण्याच्या बाजूला हळद होती. नवऱ्याची आई नाचायला उठली आणि त्याच क्षणी सनई किंचाळायला लागली. उन्हाचं बटण फिरवलं, काही फरक नाही. कुणीतरी ओरडलं, "अरे मांजराची शेपटी सोड!" अख्खा मांडव हसला. मी यंत्र बाजूला नेलं आणि स्क्रू काढून झाकण उघडलं.

आतल्या तारा तू मला लाल, निळ्या, हिरव्या अशा रंगांनी शिकवल्या होत्यास. त्यातली एकही राहिली नव्हती. सगळ्या तारा काळ्या. इथून तिथून एकाच रंगाच्या, नीट बांधलेल्या. आणि प्रत्येक आयसीच्या, म्हणजे बोर्डावरच्या काळ्या चिपच्या, पाठीवर जो नंबर छापलेला असतो, तो पॉलिश पेपरनं घासून काढलेला. बावीस आयसी. बावीसही गुळगुळीत. कुठली कशाची, काही ओळखू येत नव्हतं.

माणसं नक्कल करतील म्हणून काही कारागीर नंबर घासतात हे मी वाचलं होतं. मी नक्कल करीन म्हणून तू ते केलं नव्हतंस. मी मालक झालो होतो म्हणून केलं होतंस.

दुसऱ्या दिवशी मी ते उघडं यंत्र घेऊन टपरीवर आलो. दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी त्यांच्यासमोरच विचारलं, "काकी, तू नंबर घासलेस?"

"व्हय."

"का?"

"बनवणाऱ्याला नंबर लागत नायत. त्याला पाठ असतात." तू सोल्डरिंग गन खाली ठेवलीस. "सांग बघू, तिसऱ्या रांगेत दुसरी कुठली?"

मी यंत्रात वाकून रांगा मोजायला लागलो.

"बरं, ते जाऊ दे. शाल दिली ना तुला? ती पांघर त्याच्यावर. होईल चालू."

गिऱ्हाइकं हसली. आणि मग मी बोललो. ते इथं लिहायचं की नाही, हे मला चार दिवस ठरवता आलं नाही. पण ते सोडून हा लेख लिहिला तर तो दुसरा 'मी' होईल. मी म्हणालो, "तुझं नाव घेतलं असतं तर एक नारळ मिळाला नसता. तुझं कपाळ बघून कोण आपल्या पोराच्या हळदीला बोलवणार होतं?"

तू माझ्याकडे बघत होतीस आणि मला वाटलं आता थोबाडात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तू यंत्र ओढून घेतलंस, त्या काळ्या तारांत हात घातलास, एकही तार न शोधता नेमक्या जागी सोल्डरचा डाग दिलास, झाकण लावलंस आणि माझ्याकडे सरकवलंस.

"घे. हळद हाय ना उद्या?"

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

साडेतीन महिने आपण बोललो नाही. यंत्र साफ करायला मास्तर आणायचे, न्यायचे. ते दरवेळी स्वच्छ होऊन यायचं. मी आतून बघायचो, तू नंबर परत लिहिलेस का, एखादी तार बदललीस का. काळ्याच. कधी वाटतं, मला दरवेळी तुझ्याच दारात यावं लागावं म्हणून तू तसं केलंस. असं वाटून बरं वाटतं, म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही. तू मला शिक्षा केली होतीस आणि ती बरोबर होती. तू गेल्यावर मी टपरीतली प्रत्येक पेटी, प्रत्येक डबा उघडून बघितला. एक कागद नाही, एक आकृती नाही. ज्या दिवशी यंत्र बंद पडेल त्या दिवशी ते कायमचं बंद पडेल आणि तेव्हाही मीच त्याच्यासमोर बसलेलो असेन. शिक्षा चालू आहे, काकी.

मग तुला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग पेणला दवाखान्यात भरती. आई रोज डबा घेऊन जायची. एक दिवस ती परत येऊन ओट्यावर बसली आणि हसत-रडत सांगायला लागली. ती तुला म्हणाली होती, "डोळे किती पिवळे झालेत गो रंजे तुझे." आणि तू म्हणालीस, "मंग? मशिनीला लागते, मला नको लागायला? लागली एकदाची हळद."

आई म्हणाली, "जाऊन ये रे. तिनं नाव नाय काढलं, पण दाराकडं बघते."

मी म्हणालो, जातो. पण आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत आणि तुझ्याकडे शहाळं घेऊन जाणं मला खोटं वाटलं. मी ठरवलं की रविवारी रोह्याच्या बाजूला हळद आहे. तिथं माइकवर तुझं नाव घ्यायचं, लांबून व्हिडिओ काढायचा, आणि तो घेऊन तुझ्यासमोर उभं राहायचं. तुझी मागणीही पुरी होईल आणि माझी चूकही फिटेल. दोन्ही एकाच फेरीत. तेव्हा शुक्रवार होता. शुक्रवारी मी येऊ शकत होतो. शनिवारी येऊ शकत होतो. रोह्याहून परतताना एसटी पेणलाच थांबते. दवाखान्यावरून मी दोन्ही दिवस चालत गेलो. मनात माइकवरचं वाक्य जुळवत होतो.

रविवारची हळद दुपारची होती. ऊन मरणाचं. पहिल्याच गाण्याला मी सूर्याचं बटण अर्धं फिरवलं. मास्तरांचा फोन बाराच्या सुमाराला वाजला, ते मांडवाबाहेर जाऊन बोलले आणि परत आले. मग ते ऑक्टोपॅडवाल्या दिन्याच्या कानाला लागले. दिन्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मला वाटलं, पुढच्या नारळाचं काही असेल.

चारच्या सुमाराला मी यजमानांच्या एका पोराला फोन दिला. सांगितलं, तिकडे आंब्याखाली उभा राहा, लांबून काढ. मग मास्तरांना न विचारता माइक घेतला. म्हणालो, "मंडळी, ह्यो जो पाट वाजतोय तो मी बनवला असं मी सगळीकडं सांगितलं. ते खोटं हाय. माझ्या काकीनं बनवलाय. रंजना काकीनं. रामवाडीला टपरीत बसून, एकटीनं. काका नाय आमचा. ती हळदीला येत नाय. मी फक्त वाजवतो."

आता माणसं उठतील, यजमान यंत्र बाहेर ठेवायला सांगतील, अशी माझी तयारी होती. मास्तर जमिनीकडे बघत होते. दिन्याही. मांडवात कुणीतरी शिट्टी मारली. बायांमधून आवाज आला, "बाई, काय डोकं!" एकीनं विचारलं मिक्सर दुरुस्त करते का. आणि नवऱ्यामुलाची आजी, हातात हळदीची वाटी घेऊन, पुढं येऊन म्हणाली, "मंग तिला कशाला घरी ठेवलास रं? आणायची होती की."

एवढंच. कुणी उठलं नाही. तुझ्या कपाळाचं मी जे बोललो होतो ते लोकांचं नव्हतंच. माझंच होतं.

मी नवरीच्या आईचं गाणं वाजवलं. शेवटच्या सुराला बोट थोडं थांबलं. तुझ्याइतकं नाही, पण थांबलं.

मग चहाची सुट्टी झाली. मी त्या पोराकडून फोन घेऊन यंत्रापासून लांब, विहिरीपाशी गेलो आणि विमान काढून नेट चालू केलं. नेट दोन कांड्यांवर होतं. गावच्या ग्रुपवर बत्तीस मेसेज आलेले दिसले. तिथं सकाळपासून फुलांचे फोटोच असतात, मी उघडले नाहीत. तुझ्या नावावर व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, 'काकी, लांबून काढलाय. मोठ्या आवाजात ऐक.' गोल फिरत राहिलं. एक टिक आली. मग दोन. मी चहा संपवेपर्यंत तिथंच उभा राहिलो. साडेचार वाजले होते. दोन्ही टिका निळ्या झाल्या.

माझ्या आयुष्यात मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. दहावीच्या निकालाला नाही, शालीला तर नाहीच. मी फोन परत विमानावर टाकला आणि सूर्यास्तापर्यंत वाजवलं. लोक थांबू देईनात. हळदीनं माझे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते आणि पट्टी खरखरायला लागली होती. मनात म्हटलं, उद्या हे साफ करायला मीच घेऊन जाईन. तू शिव्या देशील. त्या खाईन.

आवराआवर झाली. मी केबल गुंडाळत होतो. मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"निल्या, पहिलं पाणी पी."

मी प्यालो.

"रंजना गेली रे. सकाळी अकराला, दवाखान्यात. बाराला तुझ्या बापाचा फोन आला मला. त्यानंच सांगितलं, नारळ घेतलाय, वाजवून होऊ दे. सुतक कानावर आल्यापासून लागतं. तुला ठाऊक नव्हतं तवर तुला नव्हतं. यजमानाची हळद बाटली नाय."

मी म्हणालो, "काय तरी चुकतंय तुमचं मास्तर. काकीनं आत्ता साडेचारला व्हिडिओ बघितलाय." मी पिवळ्या हातानं फोन काढला आणि त्यांच्यासमोर धरला, निळ्या टिका दिसाव्यात म्हणून.

मास्तरांनी फोनकडे बघितलं नाही.

"पाचला उचलली तिला," ते म्हणाले. "तवर घरातच होती."